कोरडं कपाळ

सकाळी गोळ्या देताना महानंदाची बोटं अण्णाच्या कपाळाला लागली आणि ती क्षणभर थबकली. कपाळ कोरडं होतं. उन्हात तापलेल्या पत्रावळीसारखं कोरडं आणि कोमट. साडेआठच वाजले होते, पण डोक्यावरचा पत्रा तापायला लागला होता. तिची स्वतःची पाठ ब्लाउजला चिकटली होती, कानामागचे ओघळ मानेवरून खाली उतरत होते, आणि समोर हा आपला तपकिरी स्वेटर घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून, भिंतीला टेकून बसलेला. छप्पन वर्षांचा गुंडोअण्णा, तिचा थोरला भाऊ. कपाळावर एक थेंब नाही. तिला उगाचच चमत्कारिक वाटलं. शेजारून जाणाऱ्या माणसाची सावलीच पडत नाहीये हे एकदम लक्षात यावं, तसं काहीतरी.

"उकडतंय काय रे तुला?" तिनं विचारलं.

"न्हाई गं. बरं हाय की."

"स्वेटर काढ जरा."

"काढला की आत शिरतात ती," अण्णा म्हणाला. आवाजात भांडण नव्हतं. दार लावून घे, मांजर येईल, असं सांगावं तसं त्यानं सांगितलं, आणि तोंड उघडलं. तिनं जिभेवर गोळ्या ठेवल्या. एक पांढरी, एक अर्धी गुलाबी, आणि हात थरथरू नयेत म्हणून तिसरी बारकी. त्यानं भांडंभर पाणी मागितलं, तिनं अर्धं दिलं. खालची बोअर मार्चमध्येच आटली होती, टँकर तीन दिवसांआड येत होता आणि घरमालकीण शिवलीलाक्का गच्चीवरच्या खोलीला मोजून दोन घागरी सोडत होती. भात झाकून ठेवून ती निघाली तेव्हा जिन्यात तिच्या मनात आलं की याचं एका परीनं बरंच आहे, याला उन्हाळा बाधत नाही. थोडा हेवाही वाटला. पुढं कितीतरी दिवस तिला बाकी सगळं जाऊन एवढंच आठवत राहायचं होतं, की त्या सकाळी आपल्याला त्याचा हेवा वाटला होता.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. बायकांना बस फुकट झाल्यापासून यशवंतपूरहून मल्लेश्वरमला जाताना अशी जागा क्वचित मिळायची. खिडकीतून येणारा वारा चुलीसमोर बसल्यासारखा तोंडावर येत होता. मार्केट यार्डातला कांद्याचा उग्र वास, लॉऱ्यांचा धूर, आणि रस्ता रुंद करायला तोडलेल्या झाडांचे बुंधे, ज्यांच्यावर आता फळवाले टोपल्या ठेवून बसत. ती पहिल्यांदा या गावात, बँगलोरला, आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. निपाणीहून रात्रभर एसटीत बसून सकाळी उतरली तर मे महिन्यात गारव्यानं अंगावर काटा आला होता. अण्णा न्यायला आला होता. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तो लेथवर टर्नर होता, हाताला कायम ऑइलचा वास, खिशात स्टीलची पट्टी. 'हितं पंखा लागत न्हाई बघ, महा,' असं त्यानं जणू ते गाव त्यानंच बनवलंय अशा ऐटीत सांगितलं होतं. तिनं त्याला स्वयंपाक करून घालायचा आणि शिवणाचा क्लास करायचा, दोन वर्षांत त्यानं तिच्यासाठी स्थळ बघायचं, असं आईनं ठरवून दिलं होतं. दोन वर्षं चांगली गेली. दर रविवारी तो तिला मल्लेश्वरमला डोसा खायला न्यायचा आणि बिल देताना शर्टाची बाही मागं सारायचा. मग एका संध्याकाळी तो दोन्ही कानांत मशिन पुसायच्या चिंध्या कोंबून घरी आला. लेथ आपलं नाव घेतंय, म्हणाला. सकाळपासून घेतंय, थांबतच नाही. ती हसली होती. तिला वाटलं चेष्टा करतोय.

तेव्हापासून सव्वीस वर्षं. आई गेली, निपाणीचं घर चुलतभावाकडे गेलं, स्थळं आली ती अण्णाचं ऐकून उंबऱ्यातूनच परतली. मोठ्या सरकारी इस्पितळात महिन्यातून एकदा रांगेत उभं राहायचं, नवा डॉक्टर मान वर न करता जुना कागद बघायचा आणि 'तेच चालू ठेवा' म्हणायचा. तिनं तेच चालू ठेवलं. एक दिवस चुकवलं नाही. तिला ताप असताना, टाळेबंदीत दुकानं बंद असताना, आईच्या दहाव्याला निपाणीत असतानासुद्धा पिशवीत गोळ्यांची डबी होती. स्वतःच्या आयुष्याकडे बघून अभिमान वाटावा असं तिच्याकडे फार काही नव्हतं. पण हे एक होतं, की गुंडोअण्णाची गोळी कधी चुकली नाही.

साड्यांच्या दुकानामागच्या बोळकांडीत तिचं मशिन होतं. फॉल लावायचा, पिको करायचा, ब्लाउज उसवून सैल करायचे. लग्नसराई होती, ढीग पडला होता. पंख्यानं दोरा उडतो म्हणून पंखा भिंतीकडं तोंड करून ठेवलेला. दुपारी बाराच्या सुमाराला तिच्या बोटांना एकदम ते कपाळ पुन्हा लागल्यासारखं झालं आणि सुई फॉलवरून सरकली. तिनं टाका उसवला. समोर पुण्याहून आलेली एक मुलगी उभी होती, शलाका नावाची, कुठल्याशा कंपनीत कामाला. मराठी बोलायला मिळतं म्हणून ती मुद्दाम मागं यायची. "काकू, काय हे! आम्ही वेदरसाठी बँगलोर घेतलं ना, आणि हे बघा. काल अडतीस. ऑफिसातून बाहेरच पडवत नाही," ती वहीनं वारा घेत म्हणाली. महानंदा हसली. होय हो, म्हणाली. विचारावं का हिला, शिकलेली आहे, माणसाला घामच आला नाही तर काय होतं? पण मग कोणाला, का, कसा, सगळंच सांगावं लागलं असतं. अण्णाचं नाव या दुकानात कुणालाही ठाऊक नव्हतं. ती एकटीच राहते असं सगळे धरून चालले होते आणि तिनं ते कधी खोडून काढलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊन यावं असं वाटलं. खरंच वाटलं, पुढं कधी स्वतःला दोष द्यायला बसली की ती हे आधी मान्य करून घ्यायची. दुकानाचे मालक दयानंदराव वाईट माणूस नव्हते, तासभर सोडलं असतं. पण ती खोली डोळ्यांसमोर आली. पत्र्याची धग, मोरीचा वास, आणि फळी मारलेली खिडकी. फेब्रुवारीत अण्णा खिडकीत उभा राहून पलीकडच्या घरातल्या सुनेला आईचं नाव घेऊन हाका मारायला लागला होता. त्या लोकांनी तक्रार केली. शिवलीलाक्का वर येऊन म्हणाली, "महानंदा, स्वल्प, जरा बघ गं. नाहीतर मला खोली रिकामी करून घ्यावी लागेल." खिडकीला बाहेरून प्लायवूड ठोकूया, असं महानंदाच म्हणाली. खिळेही तिनंच धरले होते. दार अण्णा स्वतःच आतून ओढून घेतो. त्या खोलीत दुपारी दोन वाजता जाऊन बसायचं, आणि त्याचं तेच ते अर्धवट पुटपुटणं ऐकायचं. नको वाटलं. दिवसातले हे सात-आठ तास तिचे होते, या बोळकांडीत का होईना. तिनं डबा खाल्ला, मशिनवर डोकं टेकून दहा मिनिटं डोळे मिटले आणि पुन्हा पायडल मारायला लागली.

ती परतली तेव्हा साडेपाच झाले होते. जिना चढतानाच अण्णाचा आवाज ऐकू आला. तो मोठ्यानं बोलत होता. आत खोलीभर धग कोंडलेली. भांडी, भिंत, घागर, चटई, ज्याला हात लावावा ते तापलेलं. अण्णा पाय पसरून बसला होता, स्वेटर अंगातच, ओठांवर पांढरी साय धरलेली, डोळे लाल.

"आई, विहिरीवर कोण हाय?" तो तिला म्हणाला. "दोर सोडला काय कुणी? दोर सोड म्हणावं की त्याला."

"अण्णा, मी हाय. महा."

"दोर सोड म्हणावं!" तो ओरडला आणि उठायला गेला, तर गुडघ्यातून दुमडला.

सव्वीस वर्षांत तिनं त्याची अशी बडबड किती वेळा ऐकली होती. आई, विहीर, लेथ, कारखान्यातला फोरमन. महिन्या-दोन महिन्यांतून एखादा दिवस असा यायचाच, आणि अशा दिवसासाठी डॉक्टरनं कधीतरी कागदावर लिहून दिलेलं होतं: जास्त त्रास झाला तर अर्धी गोळी वरून द्यावी. खालून शिवलीलाक्काचा आवाज आलाच, "एन् आय्तु, महानंदा?" काय झालं म्हणून. "काही नाही अक्का, होतंय कमी," असं ती जिन्यातून म्हणाली. मग तिनं डबी काढली. त्याची हनुवटी धरली तेव्हा ती हाताला भाजली. पण त्या खोलीत सगळंच तर भाजत होतं. माणूसही तापला असेल तर त्यात वेगळं काय वाटायचं? तिनं अर्धी गुलाबी गोळी त्याच्या जिभेवर ठेवली. गिळवेना, म्हणून घोटभर पाणी पाजलं. निम्मं स्वेटरवर सांडलं.

थोड्या वेळानं तो गप्प झाला. भिंतीला डोकं लावून स्वस्थ पडला. तिला हायसं वाटलं, तिनं तांदूळ धुतले. धुवणाचं पाणी फेकायचं नाही म्हणून बाजूला ठेवलं. स्टोव्ह पेटवला आणि त्या भट्टीत आणखी एक आग लावली. भाताला उकळी आली तेव्हा तिच्यामागं काहीतरी घासल्यासारखं वाजायला लागलं. वळून पाहिलं तर अण्णाच्या टाचा जमिनीवर आपटत होत्या. हात आखडलेले, दात एकमेकांवर घट्ट, आणि डोळ्यांत फक्त पांढरं.

त्यानंतरचं तिला सलग आठवत नाही. शिवलीलाक्का धावत आली एवढं खरं, आणि तिनं खालची पिण्याच्या पाण्याची कळशी न विचारता अण्णाच्या डोक्यावर रिकामी केली. 'अय्यो, बेंकी आहे गं हा, नुसती आग,' असं म्हणत ती बाई रडत होती. ऑटोवाल्यानं आधी नकार दिला, मग तिघांना कोंबून घेतलं. सिग्नलला ऑटो उभी राहिली की महानंदा पदरानं वारा घालत होती. पदर अण्णाच्या तोंडावर आपटत होता आणि त्याला ते कळत नव्हतं. इस्पितळात त्यांनी कात्रीनं स्वेटर उभा कापला. सव्वीस वर्षं जे तिला जमलं नव्हतं ते त्या नर्सनं दोन सेकंदांत केलं. आतलं अंग तिनं कैक महिन्यांनी उजेडात पाहिलं. बरगड्या, पोटावरचं उष्णतेचं लाल पुरळ. काखेत बर्फाच्या पिशव्या ठेवल्या, पंखे लावले, ओल्या चादरी घातल्या. अण्णा, तुला थंडी वाजेल, असं तिच्या मनात आलं.

"ताप एकशे सात," कुणीतरी म्हणालं. मग एक तरुण डॉक्टरीण तिच्यापाशी आली. महानंदा स्वतःशीच 'देवा, देवा, काय केलं मी' असं पुटपुटत होती, ते ऐकून ती थांबली.

"मावशी, मराठी का तुम्ही? मी लातूरची. डॉक्टर प्रणिता. यांना काही औषधं चालू होती?"

महानंदानं पिशवीतली डबी काढून दिली. एवढ्या गडबडीतही डबी सोबत घ्यायला ती विसरली नव्हती. प्रणितानं पाकिटं उलटसुलट करून पाहिली. बारक्या गोळीपाशी तिचा अंगठा थांबला.

"ही कधीपासून?"

"पहिल्यापासून. हात थरथरतात ना."

"मावशी, हिनं घाम कमी येतो. या पांढरीनंही अंगाला उष्णता कळत नाही नीट. थंडीत काही होत नाही, पण अशा उन्हात..." ती थांबली. "कुणी सांगितलं नव्हतं तुम्हाला? उन्हाळ्यात जपायचं, पाणी भरपूर द्यायचं, डॉक्टरांना विचारून मात्रा बघून घ्यायची?"

"न्हाई."

"कुणीच नाही?"

"तेच चालू ठेवा म्हणायचे," महानंदा म्हणाली. "मी चालू ठेवलं."

 डॉक्टरणीच्याही कपाळावर घाम होता, तो तिनं बाहीनं पुसला. "आज काही जास्तीचं दिलं होतं का?" तिनं विचारलं. विचारण्यात संशय नव्हता, कागदावरचा तो पुढचा प्रश्न असावा. महानंदानं तिच्याकडे पाहिलं. त्या पोरीचं वय असेल पंचवीस, डोळ्यांखाली काळं, दोन दिवस झोपली नसल्यासारखी. "न्हाई," महानंदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला अण्णा गेला. मधल्या वेळात त्यानं डोळे उघडले नाहीत. कागदावर हृदय बंद पडल्याचं लिहिलं होतं, आणि खाली जुना मानसिक आजार. उन्हाचं नाव कुठंच नव्हतं. तिनं तो कागद एकाकडून दोनदा वाचून घेतला, कारण वाचणाऱ्या माणसाला मध्ये थांबवून 'आणि ऊन?' असं विचारावंसं तिला वाटत होतं. विचारलं असतं तर मग बाकीचंही आलं असतं: प्लायवूड, अर्धं भांडं पाणी, अर्धी गोळी. तिनं घडी घालून कागद ठेवून दिला. विद्युतदाहिनीत तासभर थांबावं लागलं, आधी तीन होते. तिघंही म्हातारे. एकाची मुलगी दुसऱ्याच्या मुलाला सांगत होती की यंदा लई उकाडा, आमचा बाबा तर रात्रीच झोपेत गेला. सगळे आपापले कागद हातात धरून उभे होते आणि कुणाच्याच कागदावर ते लिहिलेलं नसणार, हे महानंदाला दिसत होतं. निपाणीहून चुलतभाऊ यल्लाप्पा आला होता. अस्थी घेऊन परत निघताना त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सुटला बघ महा. आणि खरं सांगू का, तू बी सुटलीस." हे तिला सगळेच म्हणाले. शिवलीलाक्का म्हणाली, दयानंदराव म्हणाले, त्यांना तर तिला भाऊ होता हेच पहिल्यांदा कळलं होतं. प्रत्येकाला ती 'व्हय' म्हणाली.

सहाव्या दिवशी दुपारी तिला खोलीत बसवेना. कामावर जायला अजून चार दिवस होते. पत्रा कडकड वाजत होता, ती भिंतीपासून हात-दोन हात लांब बसली होती आणि शरीरातून एकसारखा घाम वाहत होता, इतका, की तिला त्याची लाज वाटायला लागली. चप्पल घालून ती निघाली. रस्त्यावर सावली म्हणून नव्हती, फक्त मेट्रोच्या पुलाखाली होती, म्हणून ती पुलाखालून चालत राहिली. चालता चालता स्टेशनचा जिना आला. लोक चढत होते, तीही चढली. मेट्रोत ती कधी बसली नव्हती, बस होती ना. काचेमागच्या बाईनं कुठं जायचं म्हणून विचारलं.  "शेवटपर्यंत," महानंदा म्हणाली.

गाडीचं दार उघडलं आणि आतला गारवा तिच्या अंगावर आला. असा गारवा, की तिचा श्वास अडकला. घामेजलेली पाठ पाचएक मिनिटांत सुकली, हातावर काटा उभा राहिला. एकोणीस वर्षांची असताना एसटीतून उतरल्यावर आला होता तसाच. मल्लेश्वरम गेलं, मग गाडी जमिनीखाली शिरली, पुन्हा वर आली. माणसं चढत होती, उतरत होती, जयनगरला पिशव्या घेतलेल्या बायकांचा घोळका आला आणि गेला. तिच्या समोरच्या बाकावर एक म्हातारा बसल्या जागी झोपला होता. लुंगी, मळका शर्ट, डोक्याला मफलर गुंडाळलेला, तोंड उघडं. मधूनच झोपेत काहीतरी बोलत होता. शेजारच्या मुलीनं कानांतलं गाण्याचं यंत्र नीट केलं आणि मोबाइलमध्ये पाहत राहिली. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं, कुणी उठून दुसरीकडे बसत नव्हतं. महानंदा मात्र त्याच्यावरून नजर काढू शकत नव्हती. घरापासून स्टेशन दहा मिनिटं. पायी दहा मिनिटं. अण्णा हळू चालायचा, तर पंधरा. ती हिशेब करत नव्हती, पण ते आपोआप होत होतं आणि थांबत नव्हतं. लोक बघतील, तो काहीतरी बोलेल, हाक मारेल कुणाला तरी, म्हणून सव्वीस वर्षं तिनं त्याला इस्पितळ आणि आईचा दहावा सोडून कुठं नेलं नव्हतं. लोक बघतील. तिनं डब्यात पुन्हा एकदा चहूकडे पाहिलं. कुणीही बघत नव्हतं.

शेवटचं स्टेशन आलं. गाडी रिकामी झाली. ती बसूनच होती. गार्ड आला, त्यानं म्हाताऱ्याच्या खांद्याला हात लावला, मग तिच्याकडे वळून म्हणाला, "लास्ट स्टॉप अक्का. इळीरी." ती उतरली. वरच्या उघड्या फलाटावर पुन्हा तीच झळ. म्हातारा मफलर सारखा करत तिच्यामागून आला आणि सवयीनं पलीकडच्या बाजूला गेला, जिथं परतीची गाडी दारं उघडी टाकून उभी होती. ती तिथंच थांबलेली पाहून त्यानं हात हलवला.

"या हो अक्का, ही जाते परत. गार आहे," तो कन्नडमध्ये म्हणाला. "मी रोज येतो. घरावर पत्रा आहे ना. संध्याकाळपर्यंत इकडून तिकडे."

"कुणी काही बोलत नाही?" तिनं विचारलं.

"कोण बोलतंय? तिकीट आहे, बसायचं." तो आत जाऊन बसला आणि दाराजवळ आलेल्या तिच्याकडे पाहून, म्हाताऱ्या माणसांना वाटते तशी कणव त्याच्या चेहऱ्यावर आली. "उद्यापण या. घरात कुणी म्हातारं, आजारी असेल तर त्यालाही घेऊन या. जागा असते."

"सरी," महानंदा म्हणाली, बरं म्हणून. दारं बंद झाली. गाडी निघून गेली आणि ती फलाटावर उभी राहिली.